एक जून, सहा जानेवारी आणि डेटाबेसची तारीख

महाराष्ट्रातल्या कोणत्याही जुन्या शाळेचे जनरल रजिस्टर उघडा, एक जूनला जन्मलेल्यांची रांग लागलेली दिसेल. पोराला शाळेत घालायला आणलेले असे आणि आईबापांना जन्माची तारीख सांगता येत नसे. ‘दुष्काळाच्या साली’, ‘पोळ्याच्या आसपास’ असे काहीतरी हाताला लागे. मग गुरुजी पोराकडे बघून वय धरत आणि शाळेच्या वर्षाशी जुळणारी तारीख टाकून मोकळे होत: १ जून. निफाड, सिन्नर, कळवण, सुरगाणा, कुठेही जा, साठीच्या आसपासच्या माणसांत हा वाढदिवस हमखास भेटतो. राज्य सरकारच्या नियमाप्रमाणे महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणूनच ३१ मे हा आपल्याकडे निरोपसमारंभांचा दिवस झालेला आहे.

आता हीच तारीख ०१/०६ अशी लिहून अमेरिकी वळणाच्या संगणकाला द्या. तो ती ६ जानेवारी वाचतो, आणि कुरकूर न करता वाचतो, कारण ६ जानेवारी ही खरीखुरी तारीख आहे. ३१ मेला निवृत्त व्हायचा शिक्षक कागदोपत्री ३१ जानेवारीलाच घरी बसतो. जन्म १३ जूनचा असता तर यंत्र अडले असते; तेरावा महिना कुठून आणणार? हिशेब मांडला तर वर्षातल्या ३६५ दिवसांपैकी १४४ दिवसांत तारखेचा आकडा बारा किंवा त्याहून कमी असतो. त्यांतले १२ दिवस, म्हणजे १ जानेवारी, २ फेब्रुवारी, ३ मार्च असे, उलटे वाचले तरी तेच राहतात. २२१ दिवस उलटताना अडतात. उरलेले १३२ निमूटपणे दुसरीच तारीख होऊन बसतात. महाराष्ट्राची सर्वांत लाडकी जन्मतारीख नेमकी या १३२ मध्ये आहे.

डेटाबेसमध्ये तारखेचा डिफॉल्ट फॉरमॅट कोणता ठेवावा, हा प्रश्न नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांतल्या आयटी विभागापासून महाविद्यालयाच्या परीक्षा विभागापर्यंत कधी ना कधी निघतोच. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एकच ओळ हवी असते: कुठे काय लिहिले की सगळीकडे ‘आपल्यासारखी’ तारीख दिसेल? अशी ओळ जवळजवळ प्रत्येक डेटाबेसमध्ये आहे आणि ती पुढे येईलच. पण ती लिहिली की काम झाले, हे मला मान्य नाही. डिफॉल्ट दिसण्यापुरता असावा. एकाही तारखेचा अर्थ त्याच्या भरवशावर सोडू नये. माझा कल हा आहे, तो आधीच सांगून टाकतो.

सर्वांत मोठा गैरसमज साठवणीबद्दलचा. तारखेच्या रकान्यात ०१-०६-१९८० किंवा १९८०-०६-०१ असे काही लिहिलेलेच नसते. ओरॅकल शतक, वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट आणि सेकंद यांना एकेक बाइट देऊन सात बाइटांत तारीख ठेवते. (म्हणून ओरॅकलच्या ‘डेट’मध्ये वेळ कायम असते, दाखवली नाही तरी. ‘आजच्या तारखेच्या नोंदी का सापडत नाहीत’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण निघते.) पोस्टग्रेस १ जानेवारी २००० पासूनचे दिवस मोजून चार बाइटांत एक पूर्णांक ठेवते, त्याआधीच्या तारखांना ऋण आकडा. मायएसक्यूएल तीन बाइटांत भागवते. फॉरमॅटचा संबंध येतो तो दोनच ठिकाणी: मजकुराची तारीख होताना आणि तारखेचा मजकूर होताना. बाहेर पडताना चूक झाली तर पडद्यावर विचित्र दिसते, एवढेच. आत शिरताना झाली तर चुकीचा दिवस रकान्यात जाऊन बसतो, आणि मग फॉरमॅट दहा वेळा बदलला तरी तो चुकीचाच राहतो. वादविवाद मात्र नेहमी पहिल्या प्रकारावर रंगतात.

एकट्या नाशिक जिल्ह्यात रोज किती वेशांतल्या तारखा फिरतात ते पाहण्यासारखे आहे. अंबडच्या एखाद्या लघुउद्योजकाचे बिल घ्या. टॅलीतून एक्सएमएल काढले तर १ एप्रिल २०२४ ही तारीख २०२४०४०१ अशी सलग आठ आकड्यांत येते. त्याच बिलाचे ई-इन्व्हॉइस करायचे तर पोर्टलला ती तिरक्या रेघांनी हवी: ०१/०४/२०२४. जीएसटीआर-१ च्या फाइलमध्ये मधे आडव्या रेघा: ०१-०४-२०२४. बँकेच्या चेकवर आठ चौकोन छापलेले असतात, आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. अमेरिकी गिऱ्हाइकाने पाठवलेल्या पर्चेस ऑर्डरवर महिना आधी असण्याची दाट शक्यता. हे सगळे एकाच डेटाबेसमध्ये उतरवायचे असते. यातली १ एप्रिल उलटली तर ती ४ जानेवारी होते, म्हणजे नव्या आर्थिक वर्षाचे पहिले बिल मागच्या वर्षात जाऊन पडते आणि विवरणपत्राचा ताळमेळ लावणाऱ्या अकाउंटंटची संध्याकाळ जाते.

लासलगाव-पिंपळगावच्या कांद्याचे भाव केंद्र सरकारच्या खुल्या डेटा पोर्टलवर रोजच्या रोज येतात, आणि तिथे आवकेची तारीख दिवस-महिना-वर्ष अशा क्रमाने असते. भावांचा अभ्यास करणारी मुले ही फाइल पायथनच्या पँडाज नावाच्या साधनात ओढतात. २०२३ साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीआधी पँडाज प्रत्येक तारीख सुटी वाचत असे: शक्य असेल तिथे महिना आधी धरायचा, तेरा-चौदा असा आकडा आला की मुकाट्याने उलटे वाचायचे. एकाच रकान्यात दोन नियम, आणि अडवणूक कुठेच नाही. ५ ऑगस्टचा भाव ८ मेला जाऊन बसला की उन्हाळ कांद्याच्या ऐन आवकेतला भाव आणि चाळीतून निघालेल्या कांद्याचा भाव एकमेकांत मिसळतात. आलेख दातेरी दिसतो आणि त्याचे खापर व्यापाऱ्यांवर फुटते. आवृत्ती नवी असली तरी ‘दिवस आधी’ हे तिला स्पष्ट सांगावेच.

सर्वांत रंजक नमुना मात्र नाशिकरोडचा. भारताचे पासपोर्ट ज्या पुस्तिकांवर छापतात त्या पुस्तिका १९२५ पासून चालू असलेल्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये तयार होतात. पासपोर्टच्या माहितीच्या पानावर एकच जन्मतारीख दोनदा येते. वर माणसांसाठी: ०१/०६/१९८०. खाली यंत्राने वाचायच्या दोन ओळींत: ८००६०१, म्हणजे वर्ष, महिना, दिवस. हा क्रम आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण संघटनेच्या ९३०३ क्रमांकाच्या दस्तऐवजाने बांधून दिलेला असल्यामुळे मुंबईच्या विमानतळावर आणि शिकागोच्या विमानतळावर तो एकच वाचला जातो. जन्माचा दिवस माहीत नसेल तर त्या जागी भरायचे चिन्हही ठरलेले आहे. तिथे गुरुजींना एक जून घालावा लागला नसता.

या सहा आकड्यांपुढे एक पडताळ्याचा अंक असतो. आकड्यांना क्रमाने ७, ३, १, ७, ३, १ ने गुणायचे, बेरीज करायची आणि एकम स्थानचा अंक घ्यायचा. ८००६०१ ची बेरीज ५६ अधिक ४२ अधिक १, म्हणजे ९९, अंक ९. आता दिवस-महिना उलटून ८००१०६ करा. ५६ अधिक ७ अधिक ६, म्हणजे ६९. अंक पुन्हा ९. महिन्याच्या एककाला सात आणि दिवसाच्या एककाला एक असे वजन असल्याने अदलाबदल झाली की बेरीज त्या दोन आकड्यांतल्या फरकाच्या सहापट हलते. फरक पाचाचा असेल तर बेरीज तिसाने हलते आणि एकम स्थान जागचे हलत नाही. एक आणि सहा यांत फरक पाचाचाच. वाचताना एखादा आकडा चुकला तर पकडण्यासाठी केलेली ही योजना. उलटापालट पकडणे हे तिचे कामच नव्हे. तरी १ मे आणि ५ जानेवारीची अदलाबदल तिच्या नजरेत आली असती आणि नेमका आपला एक जून निसटतो, हे पाहून हसू येते.

आता सेटिंगांकडे. ओरॅकलमध्ये ती ओळ म्हणजे एनएलएस डेट फॉरमॅट. वेगळे काही सांगितले नाही तर ती ‘टेरिटरी’ या दुसऱ्या सेटिंगवरून ठरते; अमेरिका असेल तर दोन आकडी दिवस, महिन्याची तीन अक्षरे आणि दोन आकडी वर्ष. देश बदलला की नमुना बदलतो. गुंतागुंत आहे ती पायऱ्यांची. सर्वांत खाली डेटाबेस तयार करतानाची किंमत, तिच्यावर सर्व्हर सुरू होताना वाचली जाणारी, तिच्यावर वापरणाऱ्याच्या संगणकावरची, तिच्यावर चालू सेशनमध्ये ‘ऑल्टर सेशन’ने बदललेली, आणि सर्वांत वर क्वेरीतच टू-डेट किंवा टू-चारला दिलेला नमुना. नवख्या डीबीएला, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याला, चकवते ती मधली पायरी. तो सर्व्हरवर किंमत बदलतो, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करतो, आणि तरी साहेबांच्या पडद्यावर जुनीच तारीख येते. कारण त्यांच्या संगणकावर एनएलएस लँग हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बसवलेला असतो, आणि तो असला की सर्व्हरच्या सेटिंगला त्या सेशनपुरती किंमत उरत नाही. जावातून येणारी जोडणी तर थेट जावाच्या लोकॅलवरून देश ठरवते. एसक्यूएल डेव्हलपर हे साधन स्वतःच्या प्राधान्यांतला नमुना जोडणी होताच लादते. म्हणजे ‘डेटाबेसचा डिफॉल्ट’ असे ज्याला म्हणतात तो ओरॅकलमध्ये पुष्कळदा डेटाबेसपर्यंत पोचतच नाही.

यावर गावोगावी केला जाणारा इलाज म्हणजे लॉगऑन ट्रिगर: कोणीही आत आला की त्याचे सेशन आपल्याला हव्या त्या फॉरमॅटवर आणून ठेवायचे. इलाज चालतो, पण रोग झाकून ठेवतो. ज्या प्रोग्रामांत तारीख नुसत्या अवतरणचिन्हांत लिहिलेली आहे ते त्या ट्रिगरच्या आधाराने वर्षानुवर्षे चालत राहतात, आणि एक दिवस कोणीतरी नव्या सर्व्हरवर डेटा हलवताना ट्रिगर न्यायला विसरतो. याहून छुपा घोटाळा म्हणजे आधीच तारीख असलेल्या रकान्याला पुन्हा टू-डेट लावणे. ओरॅकल तिचा डिफॉल्ट नमुन्याने मजकूर करते आणि त्या मजकुराची परत तारीख करते. दोन आकडी वर्षाच्या नमुन्यातून जाताना शतक आणि वेळ दोन्ही गळून पडतात. १९४७ साली जन्मलेल्या पेन्शनराचे वर्ष २०४७ होते.

ओरॅकलबद्दल आणखी एक गोष्ट, जी फॉरमॅटला फक्त सजावट समजणाऱ्यांनी ऐकावी. डेव्हिड लिचफील्ड या सुरक्षा-संशोधकाने २००८ मध्ये दाखवून दिले की सेशनचा तारखेचा फॉरमॅट बदलून त्यात मुद्दाम भलताच मजकूर घालता येतो. एखादा प्रोग्राम तारखेचा मजकूर करून तो न तपासता क्वेरीत जोडत असेल, तर तारखेच्या वाटेने परक्याचा आदेश आत जातो. ‘इथे तर फक्त तारीख येणार, हिच्यापासून काय धोका’ असे म्हणणाऱ्या प्रोग्रामरला ते उत्तर होते.

पोस्टग्रेसमध्ये सेटिंगचे नाव डेटस्टाइल, आणि त्यात दोन भाग एकत्र राहतात: दाखवायचे कसे आणि वाचायचे कसे. मूळ किंमत ‘आयएसओ, एमडीवाय’ अशी असते. डेटाबेस उभारताना मशीनच्या लोकॅलवरून ती वेगळी निवडली जाऊ शकते. यातला फास बारीक आहे. बाहेर येणारी तारीख २०२४-०५-०६ अशी स्वच्छ दिसते, त्यामुळे सगळे ठीक असल्याचा भास होतो. आत जाणारी ०६/०५/२०२४ मात्र अमेरिकी पद्धतीने ५ जून म्हणून वाचली जाते. सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये, एका डेटाबेसपुरते, एका युजरपुरते किंवा एका सेशनपुरते असे कुठेही हे बदलता येते. पोस्टग्रेसचा स्वभाव मला आवडतो तो दुसऱ्या कारणासाठी: १३/०५/२०२४ आली आणि वाचन अमेरिकी असेल तर ती अंदाज बांधत नाही, चूक दाखवते आणि डेटस्टाइल तपासा असे सुचवतेही. गुपचूप समजूतदारपणा करणाऱ्या साधनापेक्षा असे भांडखोर साधन कधीही बरे.

एसक्यूएल सर्व्हरची गोष्ट थोडी खेदाची आहे. इथे वाचनाचा क्रम लॉगिनच्या भाषेवर ठरतो. लॉगिन यूएस इंग्लिश असेल तर महिना आधी, ब्रिटिश असेल तर दिवस आधी. एकच क्वेरी दोन लॉगिनांनी चालवली तर दोन उत्तरे. ‘सेट डेटफॉरमॅट’ने ते सेशनपुरते बदलता येते. पण वर्ष आधी लिहिले की निभावले असे समजणाऱ्याला जुना डेटटाइम हा प्रकार इथे दगा देतो: ब्रिटिश लॉगिनखाली २०२४-०५-०६ चे वाचन वर्ष-दिवस-महिना असे होऊन ५ जून तयार होते. रेघा काढून २०२४०५०६ लिहिले तर मात्र कोणत्याही भाषेत ६ मेच. २००८ च्या आवृत्तीत आलेल्या डेट आणि डेटटाइम२ या प्रकारांत हा दोष नाही. भारतात लॉगिन ब्रिटिश करून ‘आपली तारीख’ मिळवणारे पुष्कळ आहेत; त्यांनी आपल्या टेबलांतले जुने डेटटाइम रकाने एकदा मोजून पाहावेत.

मायएसक्यूएलने वाद मिटवला तो हट्टाने: वर्ष-महिना-दिवस, बस्स. डेट फॉरमॅट नावाचा एक सिस्टम व्हेरिएबल होता खरा, पण त्याचा काही उपयोग होत नव्हता आणि आठव्या आवृत्तीत तो काढूनच टाकला. वेगळी दिसायला हवी तर क्वेरीत डेट-फॉरमॅट फंक्शन वापरा, वेगळ्या वेशातली आत घ्यायची तर स्ट्र-टू-डेट. जुन्या मायएसक्यूएलमध्ये मात्र न समजलेली तारीख ०००० सालच्या शून्य महिन्यातली शून्य तारीख म्हणून साठवली जाई. कडक मोड डिफॉल्ट झाल्यापासून ते थांबले. मोबाइल ॲपांतल्या एसक्यूलाइटला तारखेचा खास प्रकारच नाही. मजकूर, पूर्णांक किंवा दशांश संख्या, यांपैकी जे द्याल ते ठेवते. तिथे ०१/०६/१९८० अशा तारखा मजकूर म्हणून ठेवून क्रम लावला की आधी सगळ्या महिन्यांच्या एक तारखा येतात, मग दोन तारखा. ज्याने हे पाहिले आहे तो वर्ष-महिना-दिवस का, हे पुन्हा विचारत नाही.

दोन आकडी वर्षांचा रोग २००० साली बरा झाला असे आपण धरून चाललो आहोत. ‘०१/०६/६५’ ही तारीख दिवस-महिना-वर्ष असा क्रम सांगून चार डेटाबेसांना देऊन पाहा. ओरॅकलचा आरआर नमुना पन्नासपासूनच्या आकड्याला सध्या मागच्या शतकात टाकतो, म्हणून १९६५. एसक्यूएल सर्व्हरची सीमा २०४९ ची, म्हणून तिथेही १९६५. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस सत्तरच्या खालच्या आकड्याला एकविसाव्या शतकात ढकलतात, म्हणून २०६५. एका डेटाबेसमधून दुसऱ्यात फाइल नेताना निवृत्तीला आलेला माणूस जन्मालाच आलेला नसतो. ही चूक निदान वेडगळ दिसते म्हणून पकडली जाते.

एक्सेलला वगळून हा आढावा पुरा होणार नाही, कारण आपल्याकडे डेटाबेसमध्ये शिरणारी बहुतेक माहिती त्याच दारातून येते. विंडोजची प्रादेशिक सेटिंग यूएस इंग्लिशवर राहिलेला संगणक, त्यावर डबल-क्लिक करून उघडलेली सीएसव्ही, आणि एक निष्पाप ‘सेव्ह’. बारापर्यंतच्या तारखा उलट्या होऊन चौकटीत उजवीकडे सरकतात, तेरापासूनच्या मजकूर म्हणून डावीकडे राहतात. एका रकान्यात तारखा दोन बाजूंना दिसल्या की फाइल बिघडली असे समजावे. डेटाबेसचे डिफॉल्ट सेटिंग कितीही काळजीने केलेले असो, या बिघाडावर त्याचा काही इलाज नाही. सीएसव्ही डबल-क्लिकने उघडू नये, ‘इम्पोर्ट’ करून तारखेचा रकाना कोणता आणि क्रम कोणता हे सांगावे, एवढे कार्यालयात पाळले तरी निम्मा त्रास वाचतो.

वेब-ॲपवाल्यांसाठी एक जोड. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. ब्राउझरमध्ये १ जूनची मध्यरात्र धरून ती जागतिक वेळेत बदलली तर ३१ मेच्या संध्याकाळचे साडेसहा होतात, आणि पुढचा भाग कापून नुसती तारीख ठेवली की एक दिवस गेला. जन्मतारीख हा काही क्षण नव्हे. तिला वेळ आणि टाइम झोन चिकटवूच नये.

आपल्या स्वतःच्या कालगणनेचे काय, असा प्रश्न नाशिकमध्ये तरी निघणारच. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सुचवलेले राष्ट्रीय सौर पंचांग १ चैत्र शके १८७९, म्हणजे २२ मार्च १९५७ पासून अधिकृत आहे आणि भारताच्या राजपत्रावर त्याची तारीख छापली जाते. ओरॅकल हिजरी, पर्शियन, थाई, जपानी, इथिओपियन अशी पंचांगे जाणते. आपले शक त्या यादीत नाही. मराठीतून महिन्याची नावे मात्र ती देते. सौर शकाचे गणित सोपे असल्याने रूपांतराचे फंक्शन लिहिणे हे एका दुपारचे काम आहे. तिथीचे तसे नाही. क्षय तिथी, वृद्धी तिथी, अधिक मास आणि सूर्योदयाची जागा यांमुळे ‘श्रावण पौर्णिमा’ ही नुसत्या फॉरमॅटने मिळत नाही. २०१५ च्या सिंहस्थात तिथींवरून ठरलेली नाशिकची शाही स्नाने २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबरला झाली. पंचांगकर्त्यांनी काढलेला दिवस इंग्रजी तारखेने ठेवावा आणि तिथी शेजारच्या रकान्यात मजकूर म्हणून, हाच व्यवहार्य मार्ग. (या तिन्ही तारखा बाराच्या वरच्या आहेत. उलटायला गेल्या असत्या तर अडल्या असत्या.)

मग डिफॉल्ट ठेवायचा कोणता? दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, आपल्या लोकांना दिवस-महिना-वर्ष कळते, तेच सर्व्हरवर बसवा. दुसरा म्हणतो, आयएसओ ८६०१ प्रमाणे वर्ष-महिना-दिवस. भारतीय मानक ब्युरोनेही आयएस ७९०० या क्रमांकाने तेच स्वीकारलेले आहे. मी दुसऱ्या पक्षात आहे, पण मानक आहे म्हणून नव्हे. सर्व्हरचा डिफॉल्ट वाचणारी माणसे फक्त डीबीए आणि प्रोग्रामर. त्यांना २०२४-०५-०६ मध्ये शंकेला जागा राहत नाही, आणि कोणी ०६/०५/२०२४ असा मजकूर डिफॉल्टच्या भरवशावर आत ढकलायला गेला तर ओरॅकलमध्ये तो तिथेच अडतो. डिफॉल्ट आपल्या सवयीचा ठेवला की असला कोड चालून जातो, आणि चालून जाणे हाच तोटा. गिऱ्हाइकाच्या, विद्यार्थ्याच्या, शेतकऱ्याच्या पडद्यावर मात्र वर्ष आधी दाखवण्याचा आग्रह धरू नये. तिथे ‘१ जून १९८०’ असे महिना अक्षरांत लिहावे.

अक्षरांत लिहिण्याची ही युक्ती काही संगणकवाल्यांची नव्हे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख अंकी आणि अक्षरी अशी दोनदा लिहायची पद्धत आपल्या शिक्षण खात्याने कितीतरी आधी लावून दिली. ज्या गुरुजींनी एक जून अंदाजाने टाकला त्यांनीच तो खाली ‘एक जून एकोणीसशे पासष्ट’ असा लिहून कायमचा पक्काही केला. आपले ऑनलाइन फॉर्म बनवणाऱ्यांनी तो कारकुनी शहाणपणा सोडून दिला. फॉर्मवर हवे ते एवढेच: तीन वेगळ्या चौकटी, त्यातली महिन्याची चौकट नावांची, आणि फॉर्म पाठवण्याआधी पूर्ण तारीख अक्षरांत परत दाखवणे. यापुढे सर्व्हरवर कोणताही डिफॉल्ट असला तरी बिघडायला वाव राहत नाही. कोडमध्ये नियम एवढाच: मजकुराची तारीख करताना नमुना तिथेच लिहायचा, नाहीतर तारीख पॅरामीटर म्हणून तारखेच्याच प्रकारात पाठवायची.

जुन्या, चालत्या सिस्टीमचा डिफॉल्ट बदलायची वेळ आली तर थेट बदलू नये. आधी चाचणी सर्व्हरवर मुद्दाम विचित्र नमुना बसवावा, उदाहरणार्थ वर्ष मध्ये आणि दोन्हीकडे ठिपके, आणि महिनाअखेरचे सगळे रिपोर्ट चालवावेत. जे मोडतील ते डिफॉल्टवर टेकलेले होते. ते दुरुस्त झाल्यावरच खरा बदल. आत जाऊन बसलेल्या चुका शोधायला रकान्यातल्या तारखा दिवसाच्या आकड्यावर गट करून मोजाव्यात. सर्वसाधारण माहितीत एक ते बारा या दिवसांचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास असतो. एखाद्या फाइलमधून आलेल्या नोंदींत तो शंभर टक्के दिसला तर बाकीच्या ओळी वाटेत अडून पडल्या आणि आत आलेल्या बहुतेक उलट्या आहेत, असे धरून चालावे. बिलांच्या टेबलात क्रमांक चढता आणि तारीख उड्या मारणारी दिसते. शिक्षकांच्या टेबलात सहा जानेवारीचा ढीग दिसतो. दुरुस्तीसाठी मूळ फाइल हाताशी लागते, आणि ती बहुधा कोणीतरी पुसलेली असते. म्हणून बाहेरून येणाऱ्या प्रत्येक टेबलात तारखेच्या शेजारी एक साधा मजकुराचा रकाना ठेवावा, आणि आलेली तारीख जशी आली तशी, रेघा-ठिपक्यांसकट, त्यात टाकून द्यावी.